वाढोण्याहून गोरट्याला

मुदखेडला रेल्वेच्या दोन वाटा होतात. एक उमरी, धर्माबाद करत निजामाबादकडे उतरते. दुसरी भोकर, हिमायतनगर, किनवटवरून आदिलाबादला जाते. मला दोन्ही वाटांवर काम होतं. आधी हिमायतनगरला, परमेश्वराच्या यात्रेला. तिथून मागे फिरून उमरीजवळच्या गोरट्याला, ‘श्री गजानन विजय’ पोथी लिहिणाऱ्या दासगणू महाराजांच्या गावी. आम्ही लातूरची माणसं देवाला निघालो की तुळजापूर, पंढरपूर, अक्कलकोट गाठतो. नांदेड जिल्ह्याच्या या टोकाला आमच्यापैकी फारसं कुणी येत नाही.

मी आले ते एका प्रश्नापायी. शाळेच्या नोकरीतून मोकळी झाल्यावर पोथी-वाचन वाढलं, एकादश्या नेमाने होऊ लागल्या, तरी देव होता तिथेच राहिला. देवाच्या आणि आपल्या मध्ये नेमकं उभं काय असतं, हे मला कळेना. पाप म्हणावं, तर चोरी-लबाडी न करता आयुष्य काढलेली माझ्यासारखी माणसं घरोघर आहेत. मग आडवं येतं ते काय? माझ्या मनात उत्तर होतं ते तडजोडीचं. थोडं इकडचं, थोडं तिकडचं. सगळेच करतात म्हणून आपणही. आणि सगळ्यांत मोठी तडजोड म्हणजे ‘एवढं एक झालं की मग’. दासगणू महाराजांच्या तरुणपणाची कित्येक वर्षं या एका वाक्याशी झगडण्यात गेली. म्हणून त्यांच्या गावी जायचं ठरवलं, आणि निघालेच आहे तर दुसऱ्या वाटेवरच्या परमेश्वराला आधी भेटावं असं वाटलं.

सकाळची नंदीग्राम मुदखेडनंतर मोकळी झाली. मुंबईहून रात्रभर बसून आलेली माणसं नांदेडला उतरून गेली होती. आता डब्यात भोकर-किनवटची माणसं होती. एका बाकावर मराठी, दुसऱ्यावर तेलुगू, आणि दाराशी बसलेल्या तांड्यावरच्या बायकांची गोरमाटी. माघ संपत आला होता. रानात वेचून झालेल्या कापसाच्या पऱ्हाट्या उभ्या होत्या, मध्येच हरभऱ्याचं घाटे धरलेलं रान, बांधावर पळस पेटलेला. भोकर सोडल्यावर माळ वाढतात, झाडी वाढते. पुढे किनवटचं सागवानाचं जंगल लागतं, पण हिमायतनगर त्याच्या अलीकडेच येतं. उत्तरेला पैनगंगा आहे. तिच्या पलीकडे विदर्भ.

गावाचं जुनं नाव वाढोणा. निजामी अमलात ते हिमायतनगर झालं. स्टेशन, तहसील, बसवरची पाटी सगळीकडे हिमायतनगर. पण देवाचा पत्ता अजून वाढोणाच आहे. रिक्षावाल्याला मी मंदिर म्हणताच तो म्हणाला, “वाढोण्याच्या परमेश्वराला ना माय? बसा.” महाशिवरात्रीच्या आगेमागे इथे मोठी यात्रा भरते. सप्ताह, कीर्तनं, काला, जनावरांचं प्रदर्शन, कुस्त्या सगळं ओळीनं चालतं, आणि शिवरात्र होऊन गेली तरी गाव यात्रेतून बाहेर येत नाही. मी पोचले तेव्हा मुख्य दिवस सरला होता. रहाटपाळणे फिरत होते, रेवड्या-बत्ताशांच्या दुकानांवर माशा आणि पोरं सारखीच जमली होती.

शिवरात्रीचं देऊळ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पिंड येते. इथे उभी मूर्ती आहे. हरी आणि हर दोघांचं रूप म्हणून लोक तिला पुजतात. त्यामुळे बेल घेऊन आलेला आणि तुळस घेऊन आलेला एकाच रांगेत असतो आणि दोघांनाही अवघडल्यासारखं होत नाही. रांगेत माझ्या पुढे एक म्हातारी होती, हातात पितळी तांब्या. गाभाऱ्याशी आल्यावर तिनं पदराची गाठ सोडली, पैसे काढले, देवापुढे ठेवले आणि पुजाऱ्यानं पुढे केलेला नारळाचा प्रसाद घेऊन काहीही न मागता वळली. मला दिसलं ते एवढंच, की तिचे ओठ हलले नाहीत. आम्ही बाकीचे सगळे काही ना काही पुटपुटत होतो. कुणाचं लेकराचं लग्न, कुणाची नोकरी, कुणाचा कोर्टातला बांधाचा खटला. देवापुढेही आपण बोलणी करत उभे असतो, हे त्या रांगेत फार स्पष्ट दिसलं.

दुपारी मंडपात बसले होते. कीर्तन रात्री होतं. सतरंजीवर दहा-वीस माणसं पाय मोकळे करून पडलेली. शेजारी एक वयस्क गृहस्थ अन्नदानाचा हिशेब लिहीत होते. लांबट वही, अक्षर इतकं सुबक की माझ्यातली शिक्षिका जागी झाली. मी विचारलं, “काका, अक्षर कुठं घडवलंत?”

“आडतीवर,” ते म्हणाले. “तीस-बत्तीस वर्सं मुनीम व्हतो ताई, मोंढ्यात.”

गळ्यात तुळशीची माळ होती. बोलणं वाढत गेलं आणि कार्तिकीला माळ घातल्यानंतर आपण मोंढा कसा सोडला, हे त्यांनी सांगितलं. आडतीच्या दुकानाचं नाव त्यांनी घेतलं नाही, मीही विचारलं नाही. माझ्या वहीच्या मागच्या पानावर त्यांनी मला हिशोबपट्टी काढून दाखवली. वर शेतकऱ्याचं नाव, मग माल, पोती, भाव. खाली कपातीच्या ओळी. हमाली, तोलाई, उचल घेतली असेल तर तिची रक्कम. आणि वजनाच्या रकान्यातच, कपात म्हणून वेगळा दिसूही न देता, कडता.

“बारदान्याचं वजन कापतेत, ते बरोबर हाय. पोत्याला वजन असतंच की,” ते म्हणाले. “मातेरं कापतेत, तेबी समजू. पण ह्यो कडता कशाचा? कशाचाच न्हाई. चालत आलेला हाय म्हणून कापायचा. क्विंटलमागं किलो जाऊ द्या, दीड किलो जाऊ द्या. शेतकरी उभा असतो काट्यापुढं, त्यालाबी ठाव असतं. तो बोलत न्हाई, आपुन लिव्हायचं.”

“मग?”

“माळ घातली, पंढरीहून आलो, दुसऱ्या दिशी गादीवर बसलो. पहिलीच पट्टी एका बाईची निघाली. मालक वारला व्हता तिचा, एकलीच आलती माल घेऊन. वजन लिव्हलं. कडत्याला आलो आन् हात उचलंना. आधी कधी असं झालं न्हवतं. त्या दिशी का झालं, ते मला आजबी सांगता येत न्हाई.”

त्यांनी पूर्ण वजनाची पट्टी लिहिली. शेठला ती दिसली. रागावले नाहीत, समजावून सांगितलं: देव देवाच्या जागी, धंदा धंद्याच्या जागी. काकांनी महिनाभर तसंच निभावून पाहिलं. आपण लिहायचं नाही, दुसऱ्या पोराला तेवढा रकाना लिहायला लावायचा. “ते तर लईच वंगाळ वाटाया लागलं,” ते म्हणाले. “चोरी त्याच्या हातानं, माळ माझ्या गळ्यात.” मग नोकरी सोडली. धाकट्या मुलीचं लग्न तेव्हा व्हायचं होतं. ते झालं की सोडू, असं घरात सगळ्यांचं म्हणणं पडलं होतं आणि ते गैर होतं असं आजही कुणी म्हणणार नाही. आता गावात त्यांची पिठाची गिरणी आहे. दळण आलं की वजन करून घेतात, पीठ देताना वजन करून देतात. मुलीचं लग्न दोन वर्षं उशिरा झालं. झालं मात्र नीट.

मी विचारलं, “काका, देव जवळ आला का मग?”

त्यांनी वहीत एक ओळ लिहून पुरी केली. “ते न्हाई सांगता येत. पण हरिपाठाला बसलो की आधी आडत डोळ्यापुढं यायची. आता येत न्हाई.”

यापेक्षा नेमकं उत्तर मला आजवर कुठल्या प्रवचनात मिळालेलं नाही. परमार्थात काय मिळतं हे सांगणारे पुष्कळ आहेत. मध्ये काय येत होतं आणि ते कसं गेलं, हे सांगणारा माणूस विरळा.

पण यावर एक शंका येतेच, आणि ती खरी शंका आहे. मग सगळ्यांनी दुकानं, नोकऱ्या, संसार टाकून निघायचं का? मठात, डोंगरात जाऊन बसायचं का? आमच्या या नांदेडच्या मातीतच याचं एक जबरदस्त उत्तर घडून गेलेलं आहे. जम्मूकडच्या राजौरीचा लक्ष्मणदेव नावाचा तरुण. शिकारीत हरिणी मारली, ती गाभण निघाली, आणि त्या क्षणी त्याचं मन संसारातून उडालं. बैरागी होऊन फिरत फिरत तो माधोदास या नावानं नांदेडला गोदावरीकाठी मठ करून राहिला. त्याच्या सिद्धींची कीर्ती झाली, शिष्य जमले, गादी झाली. 1708 साली गुरु गोविंदसिंघजी नांदेडला आले, ते या मठात गेले आणि परंपरा सांगते, की माधोदास नसताना सरळ त्याच्या आसनावर जाऊन बसले. बैराग्यानं सगळं सोडलं होतं, एक गादी तेवढी उरली होती. गुरूंनी नेमकी तीच काढून घेतली. माधोदास त्यांचा बंदा झाला आणि बंदासिंघ बहादूर म्हणून पंजाबात लढायला निघाला. 1716 साली दिल्लीत त्याला हाल हाल करून मारण्यात आलं, पण तो मागे हटला नाही. संसार सोडलेल्या माणसाला गुरूंनी पुन्हा जगात पाठवलं. गोदावरीवर बंदाघाटाच्या पायऱ्यांवर बसलं की मला नेहमी वाटतं, घर सोडणं सोपं आहे. सोडल्याचा मान सोडणं अवघड.

दुसऱ्या दिवशी सकाळी भोकरची बस धरली आणि तिथून उमरीची. बसच्या त्या खडखडाटात दासगणूंची गोष्ट मनात पुन्हा एकदा पहिल्यापासून लावली.

आमच्या घरात ‘श्री गजानन विजय’ वाचला जायचा. एकवीस अध्याय, आणि प्रत्येकाच्या शेवटी दासगणू. लहानपणी मला हे नाव एखाद्या प्राचीन संताचं वाटायचं. पोथी लिहिली गेली 1939 मध्ये, शेगावात, आणि लिहिणारा माणूस एके काळी पोलीस होता, हे फार उशिरा कळलं.

गणेश दत्तात्रेय सहस्रबुद्धे. जन्म 1868 मधला, नगर जिल्ह्यातल्या अकोळनेरचा. शाळा थोडी झाली, पण कवित्व उपजत होतं. पोलिसात शिपाई म्हणून लागले आणि फावल्या वेळात तमाशासाठी लावण्या रचू लागले. तमाशाच्या फडात या पोलिसाच्या लावण्यांना मोठी मागणी होती. नानासाहेब चांदोरकरांबरोबर ते शिर्डीला गेले तेव्हा श्रद्धेनं गेले नव्हते, वरिष्ठांनी नेलं म्हणून गेले. साईबाबांनी मात्र त्यांना पाहिलं आणि नोकरी सोड, असा धोशाच लावला. बाबा हे एकदाच सांगून थांबले नाहीत, वर्षानुवर्षं सांगत राहिले.

गणूंनी कधी नाही म्हटलं नाही. आपण देवाला नाही कधीच म्हणत नसतो. ते म्हणाले, फौजदार होऊ द्या, मग सोडतो. त्या काळी शिपायाचा फौजदार होणं ही साधी गोष्ट नव्हती. त्यासाठी परीक्षा होती, खपावं लागत होतं, नाव काढावं लागत होतं. नाव काढण्याच्या त्या धडपडीतच कान्हा भिल्ल या दरोडेखोराला पकडण्याची कामगिरी अंगावर आली. वेष पालटून, रामदासी होऊन ते एका गावच्या देवळात राहिले. दरोडेखोरानं ओळखलं. मरण दाराशी आलं तेव्हा गणूंनी रामाच्या मूर्तीला मिठी मारली आणि वाचव, नोकरी सोडतो, असं म्हटलं. वाचले. नोकरी सोडली नाही. पुढे एकदा गोदावरीचं पाणी हातात घेऊन तोच शब्द दिला, त्याचंही तेच झालं. शिर्डी वाटेवर असली तरी ते टाळून जायला लागले, असं चरित्रकार सांगतात. फौजदारीची परीक्षा मात्र दिली आणि पासही झाले.

आणि मग 32 रुपयांची भानगड झाली. त्यांच्या हाताखालच्या ठाण्यात दंडाची रक्कम जमा झाली, ती त्यांच्या अपरोक्ष कुणीतरी खाल्ली आणि बालंट त्यांच्यावर आलं. जो माणूस दरोडेखोराच्या हातून वाचला तो बत्तीस रुपयांत अडकला. त्यातून सुटले तेव्हा मात्र त्यांनी राजीनामा दिला. हे 1903 च्या सुमाराचं. फौजदारी अगदी हाताशी आलेली असताना त्यांनी ती सोडली, आणि म्हणूनच ते सोडणं खरं. मिळालीच नसती आणि सोडली असती तर तिला कुणी त्याग म्हटलं नसतं.

या सगळ्या गोष्टीत मला सगळ्यांत खरा वाटतो तो मधला काळ, शब्द देऊन न पाळलेला. संतचरित्रांत हा काळ सहसा एका ओळीत उरकला जातो. दासगणूंनी स्वतः तो लपवला नाही, उतारवयातही लोकांना सांगितला. शब्द मोडला त्या वर्षांतही ते कीर्तन करत होते, कवनं रचत होते. भक्ती चालू होती आणि अटही चालू होती. आपण बहुतेक जण आयुष्यभर याच अवस्थेत असतो, आणि तिला वाईट म्हणायला कुणाची जीभ वळत नाही. मुलांची शिक्षणं झाली की, घराचं कर्ज फिटलं की, पेन्शन बसली की. माझे वडील पेन्शन बसली की पायी पंढरीला जायचं म्हणत. पेन्शन बसली आणि गुडघे गेले. शेवटपर्यंत ते दर आषाढीला रेडिओजवळ बसून राहायचे.

नोकरी सोडल्यावर दासगणू नांदेडला आले आणि पुढे गोरटे हे त्यांचं गाव झालं. नगरचा माणूस निजामाच्या राज्यात येऊन राहिला. संन्यास घेतला नाही, भगवी वस्त्रं घातली नाहीत. घरात राहिले, कीर्तनं केली. एक नेम केला तो कीर्तनाची बिदागी न घेण्याचा. कीर्तनकाराच्या पोटाचं साधन बिदागी हेच असतं, हे ध्यानात घेतलं म्हणजे या नेमाचं वजन कळतं. याच नांदेडात गिरणीचे ठेकेदार रतनजी वाडिया नावाचे पारशी गृहस्थ होते. पैसा होता, मूल नव्हतं. दासगणूंनी त्यांना शिर्डीला पाठवलं. बाबांनी दक्षिणा मागितली आणि वर म्हणाले, की यातले तीन रुपये चौदा आणे मला आधीच पोचलेत. रतनजींना उलगडा होईना. नांदेडला परतल्यावर दासगणूंनी आठवण करून दिली: शिर्डीला निघण्याआधी मौलीसाहेब नावाच्या फकिराचं घरी आदरातिथ्य केलं होतं. त्या खर्चाची चिठ्ठी काढून पाहिली तर तो बरोबर तीन रुपये चौदा आणे. हे मौलीसाहेब म्हणजे नांदेडचे एक हमालच. पाठीवर ओझी वाहणारा माणूस, आणि गावातले लोक त्यांना संत मानत. साईचरित्रातली ही गोष्ट मला चमत्कारापेक्षा त्या आण्यांसाठी आवडते. देवाच्या दरबारात किती खर्च केला याला किंमत नव्हती. अट न घालता झालेला खर्च तेवढा जमेला धरला गेला.

उमरी हे कापसाचं जुनं गाव. जिनिंगची आवारं अजून दिसतात. 1948 च्या जानेवारीत हैदराबाद मुक्तिसंग्रामातल्या कार्यकर्त्यांनी इथली बँक लुटली आणि त्या लाखोंच्या रकमेचा हिशेब चोख ठेवला, ही गोष्ट आमच्या भागात आजही अभिमानानं सांगतात. लुटीच्या पैशालाही हात न लावणारी माणसं आणि कडत्याच्या किलोवर गब्बर होणारी माणसं, दोन्ही याच कापूसपट्ट्यातली.

उमरीहून गोरटे जवळच. रिक्षात माझ्याबरोबर दोन बायका होत्या, बाजार करून निघालेल्या. महाराजांकडे जायचंय म्हटल्यावर एकीनं रिक्षावाल्याला मला आधी उतरवायला लावलं आणि ती फाटकापर्यंत सोबत आली. आवार झाडांचं, स्वच्छ. यात्रेच्या गलक्यातून आल्यामुळे इथलं निवांतपण जास्तच जाणवलं. दासगणूंनी 1962 साली पंढरपुरात देह ठेवला. गोरट्याला त्यांची समाधी आहे, आणि त्यांच्यामागे हे स्थान नावारूपाला आणलं ते त्यांचे शिष्य स्वामी वरदानंद भारती यांनी. पूर्वाश्रमीचे अनंत दामोदर आठवले, आयुर्वेदाचे नावाजलेले विद्वान. गुरूंनी घरात राहून परमार्थ केला, शिष्यानं आधी विद्येचा संसार केला आणि मग संन्यास घेतला. एकाच गादीवर दोन्ही वाटा शेजारी शेजारी आहेत.

सभामंडपात एक मुलगी, बारावी-तेरावीची असेल, भिंतीला टेकून पोथी वाचत होती. ‘गजानन विजय’च. मध्येच मोबाइल वाजला, तिनं तो उलटा करून ठेवला आणि ओळीवर बोट तसंच धरून पुढे वाचत राहिली. मी समाधीपुढे बसले. दासगणूंच्या आयुष्यातल्या दोन गोष्टी मी लातूरहून बरोबर आणल्या होत्या, त्या तिथे बसून नीट लावल्या.

पहिली कपड्यांची. शिर्डीत कीर्तनाला निघताना दासगणूंनी अंगरखा, उपरणं, फेटा असा कीर्तनकाराचा थाट केला. बाबा म्हणाले, नवरदेवासारखा नटून चाललास कुठे? नारदाला असलं काही लागत होतं का? तेव्हापासून ते उघड्या अंगानं, गळ्यात हार, हातात चिपळ्या घेऊन कीर्तनाला उभे राहू लागले. नोकरी सुटली होती, बिदागी सुटली होती, थाट उरला होता. सोडणं एकदा करून भागत नाही, एक सुटलं की दुसरं दिसायला लागतं. मुनीमकाकांनीही रकाना आधी दुसऱ्याच्या हाती दिलाच होता.

दुसरी गोष्ट ईशावास्याची. त्या उपनिषदावर मराठीत ओव्या रचताना दासगणू पहिल्याच मंत्राशी अडले. सगळं ईश्वरानं व्यापलेलं आहे, तेव्हा टाकून भोग घे, असं तो मंत्र सांगतो. टाकायचं तर भोगायचं कसं? पंडितांनी समाधान होईना. बाबा म्हणाले, पार्ल्याला काकांच्या घरची मोलकरीण तुझं समाधान करील. दासगणू विलेपार्ल्याला काकासाहेब दीक्षितांच्या घरी गेले. सकाळी घरच्या गड्याची लहान बहीण, आठ वर्षांची, अंगावर चिंध्या, भांडी घासता घासता नारिंगी साडीचं गाणं म्हणत होती. दासगणूंना कळवळा आला, त्यांच्या सांगण्यावरून मोरेश्वर प्रधानांनी तिला नवं लुगडं दिलं. दुसऱ्या दिवशी ती ते नेसून फुगड्या घालत होती. तिसऱ्या दिवशी लुगडं घरी ठेवून पुन्हा त्याच चिंध्यांत आली, आणि आनंद आदल्या दिवशीइतकाच. लुगडं असतानाही आनंद लुगड्याचा नव्हता.

इथे मला माझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं असं वाटतं. देव जवळ यावा म्हणून फार काही टाकावं लागत नाही. त्या पोरीनं लुगडं फेकलं नव्हतं. सुखावर घातलेली अट तेवढी तिच्यापाशी नव्हती. फौजदारी वाईट नव्हती, ‘फौजदार झाल्यावर’ हे वाईट होतं. मोंढा वाईट नव्हता, त्यातला एक रकाना वाईट होता. कुठला रकाना आपला, हे ज्याचं त्यालाच ठाऊक असतं आणि बहुधा फार आधीपासून ठाऊक असतं. दासगणूंना ते सांगायला साईबाबा होते, म्हणून गोष्ट झाली. मुनीमकाकांना सांगायला कुणीच नव्हतं, एक पट्टी समोर आली आणि हात थांबला. त्यांची गोष्ट मला महाराजांच्या गोष्टीहून तसूभरही लहान वाटत नाही.

आणि यात उपाशी राहण्याची भीती असते, ती खोटी नाही. दोन वर्षं उशिरा झालेलं लग्न ही खरी किंमत आहे. अशा त्यागाच्या गोष्टी सांगताना आपण घरच्या माणसांनी मोजलेली किंमत विसरतो. मुनीमकाकांच्या बायकोनं ती दोन वर्षं कशी काढली, हे मी विचारायला हवं होतं.

गोरट्याला यायचं तर उमरी स्टेशनवर उतरावं. नांदेडहून निजामाबादकडे जाणाऱ्या गाड्या आहेत, पुढे रिक्षा मिळते. हिमायतनगरला शिवरात्रीच्या दिवसांत जावं, म्हणजे परमेश्वर आणि गाव दोन्ही भेटतात, आणि गर्दी नको असेल तर यात्रा उतरत असताना. महाराष्ट्रात लाखो घरांत ‘गजानन विजय’ वाचला जातो, शेगावला आणि शिर्डीला माणसांचे लोंढे जातात. ती पोथी लिहिणारा, साईबाबांचं नाव कीर्तनांतून गावोगाव नेणारा माणूस जिथे विसावला आहे, तिथे मी गेले त्या दुपारी मी आणि ती मुलगी, दोघीच होतो. पोथीचं पारायण करणाऱ्या प्रत्येकानं एकदा तरी तिथे जाऊन बसावं, आणि ते सवड मिळाल्यावर नको, याच वर्षी.